लोककथांकडून गोष्ट सांगायला शिकता येतं का?

रानवेल

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते.

मी चार वर्षं कथा लिहितेय. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाकडे पाठवलेली कथा परत आली. संपादकांनी सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या : "भाषा चांगली आहे. गोष्ट पुढे सरकत नाही." पहिल्या ओळीचं बरं वाटायला हवं होतं, पण दुसरीच डोक्यात राहिली.

कथा साधी आहे. नवरा वारल्यावर एक बाई वारसनोंदीसाठी, सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून, तीन खेपा घालते. तोचतोचपणा नको म्हणून मी प्रत्येक खेप वेगळी लिहिली. एकदा पाऊस, एकदा बाजाराचा दिवस, एकदा एसटी चुकलेली. लेखनाबद्दलचे सल्लेही भरपूर वाचले. संघर्ष हवा, सांगू नका दाखवा, पहिल्याच वाक्यात वाचकाला पकडा. सगळं पटतं, पण कागद पुढ्यात घेतला की त्यातलं काही हाताशी येत नाही.

मागच्या महिन्यात पाच वर्षांची भाची राहायला आली होती. तिला भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सलग चार रात्री सांगितली. चौथ्या रात्री दमले होते म्हणून अस्वल गाळलं. ती ताडकन उठून बसली. "अस्वल राहिलं!" मला रात्रभर झोप नाही. माझ्या कथेतली अख्खी खेप गाळली तरी कुणी उठून बसणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

तर विचारायचं हे की लोककथा, कहाण्या, पंचतंत्र यांच्याकडून कुणी गोष्ट रचायला शिकलंय का? विषय उचलणं वेगळं. मी रचनेबद्दल विचारतेय. नेमकं काय घेतलंत ते सांगा.

बालवाडीताई

रानवेल, धागा वाचून फार आनंद झाला. मी बावीस वर्षं मुलांना हीच गोष्ट सांगतेय, त्यामुळे तुमच्या भाचीची बाजू मी मांडते.

या गोष्टीत वाघ, कोल्हा, अस्वल यांच्यापेक्षा म्हातारीनं दिलेला शब्द महत्त्वाचा. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा." हे एकदा बोललं गेलं की ते कर्ज मुलांच्या डोक्यावर बसतं. पुढे म्हातारी लेकीकडे मजेत खातेपिते, तेव्हा वर्गातली मुलं मजेत नसतात. ती जितकी लठ्ठ होते तितकी त्यांची काळजी वाढते. मी मुद्दाम तो भाग लांबवते. लेकीनं शिरा केला, मग पुरणपोळी केली. मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास ओरडतं, "नको खाऊस!" शिऱ्याचं वर्णन करताना मुलांना वाघ दिसतो, ही किमया त्या एका आधी दिलेल्या शब्दाची आहे.

दुसरं म्हणजे परतीची वाट. वाट तीच, प्राणी तेच, विचारणाही तीच. जाताना म्हातारी गयावया करत होती, येताना भोपळ्यातून आवाज येतो, "म्हातारीबितारी मला काय ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक." बाकीचं सगळं तसंच राहिलं म्हणून हा फिरलेला सूर ऐकू येतो. तुमच्या तीन खेपांत पाऊसही बदलतो, गर्दीही बदलते, गाडीही बदलते. मग बाई बदलली हे कसं दिसणार?

उंदराच्या टोपीची गोष्टही याच कारणासाठी पुन्हा म्हणून बघा. राजानं टोपी घेतली तर "राजा भिकारी, माझी टोपी घेतली", परत दिली तर "राजा मला भ्याला, माझी टोपी दिली". राजानं काहीही केलं तरी ढोल उंदराचाच वाजतो. एवढ्याशा गोष्टीत सत्तेबद्दल केवढं सांगून टाकलंय!

पाणंद

बालवाडीताईंना +१.

तीन खेपांची कथा म्हटल्यावर मला सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवली. श्रावणात आजी वाचायची, आम्ही हातात अक्षता घेऊन बसायचो. आटपाट नगरच्या राजानं महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा ठरवलं. दवंडी पिटली, घरोघरचं दूध आलं, गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिनं खुलभर दूध वाहिलं आणि गाभारा भरला.

आता इथे कुणी नवशिक्या लेखक असता तर त्यानं म्हातारीचं गुपित तिथेच फोडलं असतं. कहाणी तसं करत नाही. दुसऱ्या सोमवारी राजा पहारा बसवतो, तरी पत्ता लागत नाही. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः जाऊन बसतो आणि म्हातारीचा हात धरतो. मग ती आधी अभय मागते आणि मग बोलते. गाभारा तीनदा भरतो, पण दर वेळी राजा एक पाऊल जवळ आलेला असतो. आधी दवंडी, मग शिपाई, मग स्वतः. गोष्ट पुढे सरकणं म्हणजे हे. घटना तीच ठेवूनही अंतर कमी करता येतं.

आणि भाषा पाहा. "तिनं काय केलं? घरातलं कामकाज आटपलं, मुलाबाळांना खाऊ घातलं, गाईवासरांना चारा घातला." कहाणी स्वतःच प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तर देते. ऐकणाऱ्याच्या तोंडचं "मग?" तिनं आधीच उचललेलं असतं. शिवाय आपल्याला हे सगळं पहिल्याच सोमवारी सांगून झालंय. वासराचं पोट भरलं, लेकरांचं भरलं, हे आपण ऐकलेलं असतं, राजाला मात्र तिसऱ्या सोमवारी कळतं. ऐकणारा राजापेक्षा शहाणा असतो आणि राजा कधी शहाणा होतो याची वाट बघत बसतो.

रानवेल, तुमच्या बाईच्या तीन खेपांत अंतर कुणाचं कमी होतंय ते एकदा तपासा.

टिपूर

चर्चा चांगली चाललीय, पण मला वेगळं म्हणायचंय.

लोककथेत माणसाला मन नसतं. राजा असतो, म्हातारी असते, आवडती-नावडती असते. नावडतीला रात्री झोप लागत नाही तेव्हा तिला काय वाटतं, हे कहाणी सांगत नाही. आधुनिक कथा तिथूनच सुरू होते. शिवाय कहाणीच्या शेवटी "उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये" येतंच. या साच्यात वारसनोंदीची गोष्ट ओतली तर बाई सोशिक, कारकून दुष्ट आणि शेवटी सत्याचा जय, असं काहीतरी हाती येईल. रानवेल यांच्या कथेला मी तरी हा सल्ला देणार नाही.

दौतटाक

टिपूर, तुमची भीती खरी आहे. फक्त सगळ्या लोककथा वसा देऊन संपत नाहीत. वेताळ पंचविशी काढून बघा.

सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीसाठी कथासरित्सागर रचला, त्यात या कथा आहेत. तिथला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. एक भिक्षू दहा वर्षं रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते न बघता कोठाराकडे धाडतो. एक दिवस फळ माकडाच्या हाती लागतं, ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. मग कोठार उघडलं तर कुजलेल्या फळांच्या जागी रत्नांचा ढीग. इतकी वर्षं राजाच्या हातातून काय जात होतं, हे त्याला माकडामुळे कळतं. कथेची सुरुवात कशी करावी हे मी इथे शिकलो. पहिल्याच परिच्छेदात आपण राजासारखेच बेसावध असतो आणि मागे वळून पाहायला लागतो.

मग त्या भिक्षूसाठी राजा झाडावरचं प्रेत आणायला जातो, आणि त्यातल्या वेताळाची अट. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी झाडावर परत जाईन. दोन्हीकडून कोंडी. अट एका वाक्याची, पण तिच्यावर चोवीस गोष्टी तरतात. आणि त्या गोष्टी बोधावर संपत नाहीत, तंट्यावर संपतात. नवरा आणि भाऊ, दोघांची धडं आणि शिरं देवीच्या देवळात अदलाबदल होऊन जुळली, आता नवरा कोणता? राजा म्हणतो, शीर ज्याचं तो. पटतं, पण पूर्ण पटत नाही. म्हणून ती गोष्ट आजही सांगितली जाते.

शेवटच्या प्रश्नात बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा तिच्या आईशी. पावलांचे ठसे पाहून वय ओळखलं, आणि मुलीचं पाऊल आईपेक्षा मोठं निघालं. या जोडप्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही. तो गप्प चालत राहतो, आणि त्या न बोलण्यानंच सुटतो. तेवीस वेळा ज्ञानानं अडकलेला माणूस चोविसाव्या वेळी अज्ञानानं मोकळा होतो. याला साचा कसा म्हणायचं?

पंचतंत्राकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी. तिथे कुणीही उगाच गोष्ट सांगत नाही. दमनक कोल्हा पिंगलक सिंहाचं आणि संजीवक बैलाचं वाकडं आणायला गोष्ट सांगतो, दुसरा कोल्हा करटक त्याला आवरायला सांगतो. सांगणाऱ्याला समोरच्याकडून काहीतरी करवून घ्यायचंय. मी माझ्या कथांमधले संवाद याच कसोटीवर घासतो. हे पात्र हे वाक्य का बोलतंय, त्याला काय हवंय? उत्तर नसेल तर वाक्य जातं.

उत्तररंग

माझे वडील नारदीय कीर्तन करायचे. लहानपणी मी मागे झांज घेऊन उभा असायचो, त्यामुळे मी श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे बघत मोठा झालो. पूर्वरंगात अभंग आणि निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यान ठरलेलं, लोकांना पाठ असलेलं. तरी लोक यायचे.

वडिलांची एक सवय सांगतो. प्रसंग ऐन भरात आला की ते थांबून उपरणं सारखं करायचे. घाई नाही. खाली बसलेल्या बायकांचे वाती वळणारे हात त्या वेळी थांबलेले असायचे. हात थांबले की वडील पुढचं वाक्य बोलायचे. एका गावात हात थांबले नाहीत, वाती वळणं चालूच राहिलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "आज मी द्रौपदीची हाक लवकर घातली." दुसऱ्या दिवशी त्याच आख्यानात त्यांनी हाकेच्या आधी सभेतल्या एकेका माणसाकडे द्रौपदीला बघायला लावलं. भीष्म, द्रोण, विदुर. प्रत्येकाची मान खाली. मग हाक. त्या दिवशी हात थांबले.

राजस्थानात गोष्ट ऐकताना एकानं हुंकारा द्यायचाच असतो. 'फौज में नगारो, बात में हुंकारो' असं म्हणतात तिकडे. छत्तीसगडच्या पंडवानीत, म्हणजे गाऊन सांगितलेल्या महाभारतात, तर त्यासाठी रागी नावाचा जोडीदारच असतो. गाणारीच्या प्रत्येक ओळीला तो होकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो. तीजनबाईंचं सादरीकरण पाहिलं असेल तर लक्षात येईल. आपल्याकडे गोंधळातही मुख्य गोंधळ्यासोबत असा प्रश्न विचारणारा साथीदार असतो.

रानवेल, मला एवढंच सुचवायचंय. कथा छापायला पाठवण्याआधी कुणाला तरी सांगा. वाचून नाही, सांगून. कागद हातात नको. जे तुम्हाला आठवणार नाही ते बहुतेक गोष्टीचं नव्हतंच. आणि समोरच्याचा हुंकार कुठे बंद पडतो तिथे खूण करा.

टिपूर

दौतटाक, वेताळाचा मुद्दा मान्य. 'साचा' हा शब्द मागे घेतो. पण मनाचं काय? त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

पाणंद

टिपूर, मन कहाणीत नसेल, जात्यावर होतं. दिवसा देवासमोर कहाणी सांगणाऱ्या बायकाच पहाटे दळताना ओवी गायच्या. सासर, माहेर, भाऊ न आल्याचं दुःख, मनातलं वैर, सगळं तिथे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात रडगाणं फार कमी आहे. ओवीची पहिली ओळ बहुतेकदा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूची असते. वाट, पदर, दारातलं झाड. मन दुसऱ्या ओळीत, तेही आडून येतं. वस्तू दाखवायची आणि मन तिच्या मागे उभं करायचं, हा सल्ला आपल्या आज्यापणज्यांनी पहाटेच्या अंधारात अमलात आणलेला आहे.

तेव्हा रानवेल, घटनांची चाल कहाणीकडून घ्या, मन ओवीकडून.

दौतटाक

थोडं अवांतर, पण या धाग्यात नोंद असावी म्हणून. चिऊकाऊची गोष्ट किती जुनी? तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात ती आहे. तिथे कावळ्याचं घर शेणाचं आणि साळीचं, म्हणजे साळुंकीचं, मेणाचं. चक्रधरस्वामी लोकांच्या तोंडची गोष्ट उचलून सांगतात आणि म्हाइंभट ती टिपून ठेवतात. सातशे वर्षांहून जास्त काळ शेण आणि मेण हे दोन शब्द जागचे हलले नाहीत. पक्षी बदलला, यमक टिकलं. कानाला धरून राहील असं एक तरी वाक्य आपल्या कथेत आहे का, हे मी स्वतःला विचारतो.

शब्दवेडी

वाचनमात्र होते, आज लिहिते.

ए. के. रामानुजन यांनी जमवलेली एक कन्नड लोककथा आहे. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत होतं, पण ती कुणाला सांगत नव्हती. आत कोंडून दोघं गुदमरली. एक दिवस ती तोंड उघडं टाकून झोपली असताना गोष्ट बाहेर पडली आणि दारात जोडे होऊन बसली. गाणं कोट होऊन खुंटीवर लटकलं. नवऱ्यानं घरी येऊन विचारलं, कोण आलंय? बाई म्हणाली, कुणी नाही. भांडण झालं. नवरा मारुतीच्या देवळात झोपायला गेला. रात्री गावातल्या विझलेल्या दिव्यांच्या ज्योती तिथे जमून गप्पा मारतात. त्यांच्याच तोंडून त्याला खरं काय ते कळलं. तो घरी परतला आणि बायकोला गोष्ट विचारली. पण तोवर तिला ती आठवेनाशी झाली होती.

मी नऊ वर्षं वहीत लिहून ठेवतेय, कुणाला दाखवलं नाही. ही गोष्ट वाचल्यापासून दारातले जोडे बघितले की पोटात कालवतं. रानवेल, तुम्ही नवीन खर्डा इथे टाका. मीही टाकेन.

रानवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तररंग यांचं ऐकलं. रविवारी मैत्रिणीला कथा कागदाशिवाय सांगितली. पाऊस आठवला नाही. बाजाराचा दिवसही आठवला नाही. आठवलं ते टेबलावरचं रजिस्टर, कारकुनाचं "नाव सांगा" आणि बाईनं दिलेलं उत्तर. म्हणून तेवढंच ठेवून पुन्हा लिहिली. तिन्ही खेपांचा गाभा देते :

*पहिल्या खेपेला कारकून रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाला, "नाव सांगा." तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. "मयताचं नको, तुमचं." तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "त्यांची बायको."*

*दुसऱ्या खेपेला तेच टेबल, तेच रजिस्टर. "नाव सांगा." तिनं पिशवीतून रेशनकार्ड काढून पुढे ठेवलं आणि नावावर बोट ठेवलं. बोटाखाली नाव झाकलं गेलं. "मोठ्यानं सांगा, बाई." मागे रांग होती. ती कागद गोळा करून बाहेर आली.*

*तिसऱ्या खेपेला तो काही विचारायच्या आत तिनं नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग बापाचं, मग नवऱ्याचं. रजिस्टरवर चालणारा पेन थांबला. त्यानं मान वर केली.*

शेवट अजून ठरला नाही. नोंद झाली की नाही, हे सांगायचं नाही असं वाटतंय.

टिपूर

हे वाचून मी माझं आधीचं म्हणणं पुन्हा वाचलं. "बोटाखाली नाव झाकलं गेलं" यात सगळं मन आलंय. एकच सुचवतो, "रांग होती" पुरेसं आहे, 'मागे' काढा. नोंदीचं सांगू नका. वेताळ झाडावर जाऊ दे.

बालवाडीताई

तिसऱ्या खेपेला मीच मोठ्यानं नाव म्हणून बघितलं. "नाव सांगा" दोनदा तसंच ठेवलंत हे फार चांगलं केलंत. तिसऱ्यांदा तो विचारत नाही, आणि तेच कानात वाजतं.

उत्तररंग

"बोट ठेवलं" नंतर एक ओळ थांबा. उपरणं सारखं करा. मग "झाकलं गेलं".

रानवेल

धागा वर काढतेय, कारण काल आईला गोष्ट सांगितली.

आई शेंगा फोडत बसली होती. पहिल्या खेपेला हात चालू होते. दुसऱ्या खेपेला "बोटाखाली नाव झाकलं गेलं" इथे मी थांबले, तसे हातही थांबले. ती म्हणाली, "मग?" तिसरी खेप सांगून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती पिशवी कसली घेतलीस?" मी म्हटलं, साधी, दुकानाची. "उलटी करून घेते ती," आई म्हणाली. "दुकानाचं नाव आत. बाहेर काही दिसू नये म्हणून. तुझे बाबा गेल्यावर मी तशीच नेत होते."

मला हे ठाऊक नव्हतं. ती पिशवी मी घरात कितीदा पाहिली असेल.

दुसऱ्या खेपेत आता "तिनं उलट्या पिशवीतून रेशनकार्ड काढलं" असं आहे. तिसऱ्या खेपेत पिशवी सुलटी करावी की तशीच ठेवावी, यावर आमचं दोघींचं अजून एकमत झालेलं नाही. आई म्हणते, तशीच ठेव.